चोरटा कान

कानडे चपला न काढता सरळ आत आले, तेव्हाच मी ओळखलं की हे गृहस्थ स्थळं बघायला आलेले नाहीत.

"नलूताई, माझ्या मुलीचा नंबर कोणाला दिलात तुम्ही?"

नलूमावशी संगणकासमोर बसली होती. तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाली, "आधी बसा तर खरं. उल्का, पाणी आण गं."

"पाणी राहू दे. आठवडाभर फोन वाजतोय. सकाळ नाही, दुपार नाही. कुठली कुठली माणसं! 'गौतमी आहेत का? देवगण ना त्यांचा? उंची पाच फूट तीन ना?' अहो, माझ्या मुलीची उंची त्या टोणग्याला कोणी सांगितली?"

"कोण होता तो?"

"मला काय माहीत! लग्न जुळवणारी कंपनी म्हणे मुंबईची. मोबाइल नवा आहे पोरीचा. नंबर तिच्या आईला ठाऊक, मला ठाऊक आणि तुमच्या अर्जाला ठाऊक. बाकी कोणाला नाही."

कानड्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबली. तिथं विशाखा अर्जांना फोटो डकवत बसली होती.

"ह्या बाईच टाइप करतात ना सगळं?"

विशाखाचे हात जागच्या जागी थांबले. खळीचं बोट तिनं तसंच वर धरलं होतं.

"गौतमीचं नाव काढून टाका," कानडे म्हणाले. "रविवारच्या मेळाव्याला ती येणार नाही. मी मात्र येईन. सगळ्यांसमोर एवढंच विचारायला, की आमच्या मुली बाजारात कोणी मांडल्या."

ते आले तसे गेले.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. सांगलीत एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते आणि मावशीकडे राहत होते. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ घरातूनच चालवायची. मी चौतिशीची, बिनलग्नाची, आणि राहते मंडळाच्या मुख्य कचेरीत, यावर गावात पुरेसे विनोद होऊन गेले होते. मावशीनं स्वतः एकही केला नाही. फक्त वर्षातून एकदा, दिवाळीच्या फराळाच्या वेळी, ती विचारायची, "तुझा अर्ज भरू का?" मी "नको" म्हणायचे. मग ती माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढायची.

मंडळाआधी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळातली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दिवा लागला की वायर खोचायची. अर्ध्या सांगलीची गुपितं तिच्या कानावरून गेली. कोणाचं दुकान बुडालं, कोणाच्या लेकीला माहेरी परत पाठवलं, कोणत्या पुढाऱ्यानं रात्रीतून कोणाला फोन केला. त्यातलं एक अक्षर तिनं काकांनासुद्धा कधी सांगितलं नाही. काका चिडवायचे, "माझ्या घरात रेडिओ आहे, पण लागत नाही." मंडळावर लोकांनी विश्वास ठेवला तो याच पुण्याईवर. नलूताईंकडे दिलेली गोष्ट नलूताईंकडेच राहते, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

आणि विशाखा. नवऱ्यानं सोडलेली, म्हणजे तिनंच नवऱ्याला सोडलेलं. तिनं स्वतःचा अर्ज मंडळात भरला होता. स्थळं येईनात म्हणून मावशीनं तिला टायपिंगला ठेवलं. अक्षर गोल, बोटं चपळ. लग्न मोडलेली बाई लग्नं जुळवायला बसलीय, हे काही लोकांना आधीपासूनच खुपत होतं.

कानडे गेल्यावर ती माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली.

"उल्काताई, एक सांगू? मला काढायचं असेल तर आधी सांगा. मेळाव्यात, लोकांसमोर नको."

"तू दिलास का कोणाला नंबर?"

"नाही."

"मग कोण कशाला काढेल तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी लहान मुलासारखं बोलले असावे.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून तशाच तक्रारी आल्या. संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष भाऊ म्हसकर आले. बँकेतून निवृत्त झालेले, माणूस वाईट नव्हे, पण त्यांना प्रत्येक गोष्ट रविवारच्या आत मिटायला हवी असायची.

"नलूताई, बाई बदला. मेळाव्यात जाहीर करून टाकू. लोक शांत होतील."

"सिद्ध काय झालंय भाऊ?"

"सिद्ध व्हायला काय कोर्ट आहे? दोनच माणसं त्या मशीनला हात लावतात. एक तुम्ही. मग राहिलं कोण?"

भाऊ गेल्यावर तिनं मला हाक मारली. "तू शास्त्र शिकलीयेस. तुमच्या दुधात काही निघालं की काय करता?"

"जंतू निघाले तर गवळ्यावर ओरडत नाही. गोठा, कॅन, टँकर, पिशवी, प्रत्येक टप्प्यावर नमुना घेतो. जिथून नासायला लागलं ती जागा सापडते."

"मग घे की नमुना."

मी पहिल्यांदाच तिच्या संगणकासमोर नीट बसले. तोवर मला वाटायचं, ती मंडळाचं काम करते, आपण मध्ये पडू नये. एक खिडकी बंद केली की दुसरी उघडायची. तुम्ही बक्षीस जिंकलंय. तुमचा संगणक हळू झालाय. कोपऱ्यात एक हलणारं निरांजन. वरच्या बाजूला पट्ट्यांवर पट्ट्या, इतक्या की खाली पान दिसायला जेमतेम चार बोटं जागा.

"मावशी, हे सगळं काय आहे?"

"येतात गं अधूनमधून. मी येस म्हणते, की जातात."

"येस म्हणतेस?"

"विचारतोय तो काहीतरी. उत्तर द्यायला नको? बोर्डावर दिवा लागला आणि ऑपरेटर गप्प बसली, असं कधी झालंय का?"

संगणक शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी तपासणीची सीडी आणली आणि चालवली. पडद्यावर लाल ओळी सरकू लागल्या, सरकतच राहिल्या. बहुतेक नुसत्या जाहिराती आणणाऱ्या उपद्रवी गोष्टी होत्या. पण त्यात एक वेगळी होती. मैत्रिणीनं फोनवर तिचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "उल्का, ही चोर आहे. तुम्ही जे टाइप कराल ते अक्षर न् अक्षर बाहेर पाठवते. काढून टाक लगेच."

मी काढली नाही. काढली असती तर संगणक स्वच्छ झाला असता, आणि विशाखा मात्र आयुष्यभर संशयित राहिली असती. लाल ओळ हा माझ्यासाठी पुरावा होता. भाऊ म्हसकरांसाठी ती नुसती लाल ओळ होती.

मी मावशीला सांगितलं, "आजपासून एकही खरा अर्ज यात टाइप करायचा नाही. फक्त एकच मुलगी भरायची, मी बनवलेली. नवा नंबर घेते, तो मी कोणाला सांगणार नाही, कागदावर लिहिणार नाही. विशाखा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेलीय, तिचा हात लागायचा प्रश्नच नाही. त्या नंबरवर फोन आला, तर तो या मशीनमधूनच गेला."

"बनवलेली मुलगी?"

"हो. खोटं नाव, खोटी पत्रिका."

"नाही." मावशी ताठ झाली. "या घरात खोटी मुलगी नोंदवायची नाही. मंडळ सुरू केलं त्या दिवशी देवासमोर बोललेय."

"मावशी, हा प्रयोग आहे."

"प्रयोग कर. खोटं लिहू नकोस."

मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं, ते बघून मला उठून पळावंसं वाटलं.

"एक खरी मुलगी आहे माझ्या माहितीत," ती म्हणाली.

"मावशी."

"चौतीस वर्षांची. एम.एस्सी. स्वतःच्या पायावर उभी."

"मावशी, हे बरं नाही."

"नंबर तेवढा नवा. बाकी सगळं खरं. बस, मी सांगते, तू टाइप कर."

मी बसले. आयुष्यात इतक्या अवघडलेल्या बोटांनी मी कधी काही लिहिलं नाही.

"नाव, उल्का श्रीधर गंधे. गण?"

"मला माहीत नाही."

"राक्षस. मला माहितेय. मंगळ सौम्य. रंग काय लिहूया?"

"गव्हाळ."

"गहू कुठला, लोकवन का खपली?"

"मावशी!"

"बरं, गव्हाळ. उंची खरी लिही, सँडल घातलेली नको. अपेक्षा?"

"काही नाहीत."

"असं चालत नाही. रकाना मोकळा सोडला तर मशीन पुढं जात नाही."

मी थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, 'कमी बोलणारा असावा.' मावशी चष्म्याआडून वाचत होती. "दोघं मिळून घरात काय, घड्याळाची टिकटिक ऐकणार?" ती म्हणाली.

नवा फोन मी ॲप्रनच्या खिशात ठेवून कामावर जाऊ लागले. पेट्री डिशेस मोजायच्या, खिसा चाचपायचा. फोन गप्प. शुक्रवारी संध्याकाळी भाऊ पुन्हा आले, मेळाव्यात करायची घोषणा लिहूनच घेऊन आले. त्यांनी ती वाचून दाखवली. 'टंकलेखिकेची सेवा समाप्त करण्यात आली असून...' मावशी मेथी निवडत ऐकत होती. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला.

आम्ही तिघंही दचकलो. मी बटण दाबलं आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, उल्का गंधे बोलताय का?" मुलगा गोड आवाजाचा होता. "अभिनंदन मॅडम! आपल्यासाठी तीन उत्तम स्थळं आलीयेत. आपला मंगळ सौम्य आहे ना? काळजी करू नका. आणि आपल्या अपेक्षेप्रमाणे, कमी बोलणारे..."

भाऊंच्या हातातला कागद खाली आला. मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. माझी मावशी साठी ओलांडलेली, मेथीच्या हिरव्या हातांची बाई होती. पण तोंडातून निघाला तो एक्स्चेंजचा आवाज. मी तो लहानपणी एकदाच ऐकला होता.

"आपलं नाव?"

"अं... संकेत, मॅडम."

"कुठून बोलताय?"

"मुंबईहून. ऑफिसमधून."

"हा नंबर आपल्याला कोणी दिला?"

"मॅडम, आमच्याकडे डेटा येतो."

"कुठून येतो?"

"ऑनलाइन येतो मॅडम. कंपनी विकत घेते. मला एवढंच माहितेय, खरंच. मी फक्त कॉल करतो."

"संकेत, तू जेवलास का?"

"नाही मॅडम."

"जेव. आणि दुसरी नोकरी बघ. हे काम चांगलं नाही." तिनं फोन बंद करून मला परत दिला.

मी भाऊंना टप्प्याटप्प्यानं सगळं समजावून सांगितलं. नंबर कोणाला माहीत नव्हता, विशाखा गावात नव्हती, अर्ज फक्त या मशीनमध्ये होता. ते ऐकत राहिले. समजलंही त्यांना. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "उल्का, तुझं बरोबर आहे. पण लोकांना काय सांगू? संगणकात चोर शिरला म्हटलं तर कोणाला कळणार नाही. बाई बदलली म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिला आपण दुसरीकडे चिकटवून देऊ, माझी ओळख आहे."

मावशी पुन्हा मेथी निवडू लागली होती. "ठीक आहे भाऊ," ती म्हणाली. "घोषणा मी करीन."

भाऊ हलके होऊन गेले.

दार लागल्यावर मावशीनं विचारलं, "तो चोर आत आला कसा?"

मला याच प्रश्नाची भीती होती. 'आपोआप येतात' असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते.

"शास्त्र शिकलीयेस ना? मग सांग."

"एक मोफतचं गुणमेलन आहे बघ, ज्यात तू पत्रिका जुळवतेस. त्याच्याबरोबर आला. आत घेऊ का, असं त्यानं विचारलं होतं. कोणीतरी येस म्हटलं."

"कधी?"

"फाइलवर तारीख आहे. दोन ऑक्टोबर. दसरा."

त्या दिवशी विशाखाला सुट्टी होती. मी कामावर होते, दुधाला दसरा नसतो. मावशीनं एकटीनं संगणकाची पूजा केली होती, हळद-कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. आणि विजयादशमीच्या मुहूर्तावर काहीतरी नवीन सुरू करायचं, म्हणून ते मोफत गुणमेलन उतरवून घेतलं होतं. संध्याकाळी तिनं मला ते कौतुकानं दाखवलंही होतं.

मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"म्हणजे तो माझ्याच टेबलावर बसून ऐकत होता," ती शेवटी म्हणाली. "आणि फूल मी वाहत होते."

शनिवारी मी सगळे अर्ज तपासून वेगळे उतरवून घेतले आणि तो संगणक पूर्ण पुसून टाकला. नुसतं साफ करून भागत नव्हतं. एकेक काढावं, तर पुन्हा चालू केल्यावर तो परत हजर. म्हणून मुळापासून पुसला आणि नव्यानं भरला. पडदा कोरा, निळा, शांत झाला. मावशी मागं उभी राहून बघत होती. घोषणेबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी विश्रामबागेतलं मंगल कार्यालय भरलं होतं. दारातल्या टेबलावर विशाखा बसली होती, मुला-मुलींच्या नावांचे बिल्ले वाटत. आईचं ऑपरेशन करून ती आदल्या दिवशीच परतली होती. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हती. बायका बिल्ला घ्यायच्या आणि दोन पावलं पुढं जाऊन कुजबुजायच्या. कानडे आले ते तिच्या टेबलाकडे न बघता मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. एकटेच.

भाऊंनी प्रास्ताविक केलं आणि माइक मावशीकडे दिला.

"नमस्कार," मावशी म्हणाली. "मुलं-मुली बोलायच्या आधी मला बोलायचंय. तुमच्यापैकी काहींच्या घरी नको ते फोन आले. त्या मुलींची माहिती माझ्या घरातून गेली."

सभागृहात खुर्च्यांचा आवाज झाला.

"आमच्या संगणकात एक चोर येऊन बसला होता. लिहू ते सगळं तो बाहेर पाठवायचा. भाऊंचं म्हणणं, हे लोकांना कळणार नाही. मला वाटतं, कळेल. पूर्वी फोनवर तिसरा कोणीतरी ऐकत बसायचा, तसंच आहे हे. तो आत आला, कारण त्यानं 'येऊ का' विचारलं आणि कोणीतरी 'ये' म्हटलं. ते मी म्हटलं. विशाखानं नाही. दसऱ्याच्या दिवशी, या बोटानं."

तिनं बोट वर धरलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"हसा. पण घरी संगणक असेल तर ऐकून ठेवा. न बोलावता खिडकी उघडून कोणी गोड बोलायला लागलं, तर उत्तर द्यायचं नाही. फुकट देतोय म्हणून घ्यायचं नाही. मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं सांभाळलं. या वेळी मला सांभाळता आलं नाही. विशाखाकडून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. ती उद्याही या मंडळात असेल. मी असावं की नाही, ते तुम्ही ठरवा."

"गेलेल्या नंबरांचं काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"ते परत आणता येत नाहीत. कोणाचा फोन आला तर माझ्याकडे द्या. मी बोलीन त्यांच्याशी."

दोन कुटुंबं उठून निघून गेली. भाऊ कपाळ पुसत होते. मावशी माइक धरून उभी होती, जाणाऱ्यांकडे सरळ बघत, मान खाली न घालता. मी सहसा अनोळखी माणसांशी बोलत नाही. पण शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडे वळून मी म्हणाले, "ती माझी मावशी आहे." त्यांनी विचारलं नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हणाले.

आता याला खूप वर्षं झाली. तेवढ्या अभिमानानं मी नंतर कोणाची ओळख करून दिल्याचं मला आठवत नाही.

मागच्या भिंतीपासून कानडे निघाले. सगळ्यांच्या माना त्यांच्याबरोबर वळल्या. ते मधल्या वाटेपर्यंत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "नलूताई, माझा राग गेलेला नाही."

"जाऊ नये," मावशी म्हणाली.

"फोन आला की तुमच्याकडे देणार. दिवसातून दहा वेळा."

"द्या."

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग वळून दारातल्या टेबलापाशी गेले. विशाखा उठून उभी राहिली.

"ताई," कानडे म्हणाले. आवाज आता खाली आला होता, पण सभागृहात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरगी बाहेर रिक्षात बसलीय. तिला आत आणू का नको, तेच ठरत नव्हतं माझं. नाव तर मी काढायला लावलं होतं. आता बिल्ला नसेल तिचा. साध्या कागदावर लिहून दिलात तरी चालेल."

विशाखानं टेबलाचा खण उघडला. आतून एक बिल्ला काढला, पिन सरळ केली आणि त्यांच्या हातात दिला. त्याच्यावर तिच्या गोल अक्षरात, आधीच लिहून ठेवलेलं होतं: गौतमी कानडे.